जुन्या ईपीएस आणि पीडीएफ फायलींचे चित्रांत रूपांतर: लेबल, फ्लेक्स आणि जॅकार्डसाठी कोणते माप धरावे?

धागा: नवीपेठ मुद्रक

नमस्कार. सोलापुरात आमचा लेबले, खोकी आणि कॅटलॉग छापण्याचा छापखाना आहे. चादर, टॉवेल आणि नॅपकिन तयार करणारे कारखानदार हे आमचे मुख्य ग्राहक आहेत, त्यामुळे गेल्या अनेक वर्षांची त्यांची बोधचिन्हे, लेबले आणि नक्षीची पाने आमच्याकडे जपून ठेवलेली आहेत. त्यांतील सर्वांत जुन्या फायली पेजमेकरमधून काढलेल्या पोस्टस्क्रिप्टच्या (पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेतील) आहेत, मधल्या काळातील बहुतेक कोरलड्रॉमधून निघालेल्या ईपीएस (एकाच चित्राच्या पोस्टस्क्रिप्ट फायली) आहेत आणि अलीकडच्या पीडीएफ आहेत.

आता तेच ग्राहक या फायली चित्ररूपात मागतात. एकाला ऑनलाइन विक्रीच्या पानावर लेबल दाखवायचे असते, दुसऱ्याला गड्डा यात्रेतील दालनासाठी दहा फुटी फ्लेक्स हवा असतो, तिसऱ्याला कागदी कॅटलॉगची पाने व्हॉट्सअ‍ॅपवर परगावच्या व्यापाऱ्याला पाठवायची असतात, आणि हल्ली काही जण बोधचिन्हच चादरीच्या काठात विणून घेण्यासाठी बीएमपी मागतात.

रूपांतर केल्यावर आम्हाला चार अडचणी दिसतात. चित्र लहान आणि कडांना दातेरी निघते. बोधचिन्हाभोवती पांढरी जागा उरते किंवा त्याचा एखादा भाग कापला जातो. काही लेबलांवरील मराठी नावाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे उमटतात. पडद्यावर स्पष्ट दिसणाऱ्या बारीक रेषा छपाईत नाहीशा होतात. या सर्वांसाठी एकच मांडणी ठरवून सगळा संग्रह एकदाच टिफ किंवा पीएनजीमध्ये काढून ठेवावा, असा आमचा विचार आहे. तो योग्य आहे का?

प्रतिसाद: टिंबटिंब

संग्रह एकदाच चित्रांत काढून ठेवण्याचा विचार कृपया सोडून द्यावा, आणि काढलाच तरी मूळ फायली कोणत्याही परिस्थितीत पुसू नयेत. आपल्या मूळ फायलीत चित्र नसते. रेषा कोठून निघते, कोठे वळते, आत कोणता रंग भरायचा, अक्षर कोणत्या फॉन्टचे आणि किती मोठे, याचे वर्णन तेथे असते. ते वर्णन ठरावीक संख्येच्या ठिपक्यांत बसवणे म्हणजे रूपांतर. त्या क्षणी जे निर्णय घेतले जातात ते नंतर मागे घेता येत नाहीत, आणि आपण सांगितलेल्या चारही वापरांसाठी हे निर्णय वेगवेगळे आहेत. ईपीएस जपलेली असेल तर उद्या नवे यंत्र आले तरी त्याच्या मापाचे चित्र पुन्हा काढता येते. जपून ठेवलेल्या जेपीजीतून मात्र ते कधीच येत नाही.

पहिल्या अडचणीचे कारण अगदी साधे आहे. पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ या दोन्हींत लांबीचे मूळ एकक पॉइंट आहे आणि एका इंचात ७२ पॉइंट असतात. घोस्टस्क्रिप्टला किंवा इमेजमॅजिकला (अशा फायलींचे चित्रांत रूपांतर करणारे प्रोग्राम) आपण काहीही सांगितले नाही, तर ते सहसा एका पॉइंटला एक पिक्सेल या हिशेबाने इंचाला ७२ ठिपके धरतात. ए-४ पान म्हणजे साधारण ५९५ गुणिले ८४२ पॉइंट, म्हणून चित्रही तितक्याच पिक्सेलचे निघते. तेच पान इंचाला ३०० ठिपक्यांनी काढले तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल मिळतात. दोन इंची लेबल ७२ च्या मापाने अवघे १४४ पिक्सेल रुंद होते. त्यावरील बारीक मजकूर वाचता येईल अशी अपेक्षाच करता येत नाही.

घोस्टस्क्रिप्टमध्ये हे माप ‘-आर’ या पर्यायाने देतात आणि त्याला जोडूनच आकडा लिहितात. इमेजमॅजिकमध्ये ‘-डेन्सिटी’ हा पर्याय मूळ फायलीच्या नावाच्या आधी द्यावा लागतो. तो नावानंतर दिला तर फाइल ७२ च्या मापाने आधीच ठिपक्यांत उतरलेली असते आणि चित्रावर फक्त नवा आकडा नोंदवला जातो. (येथे देवनागरीत लिहिलेले पर्याय प्रत्यक्षात अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावेत.) इमेजमॅजिक पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफसाठी पडद्याआड घोस्टस्क्रिप्टलाच कामाला लावते, त्यामुळे थेट घोस्टस्क्रिप्ट वापरलेले बरे; काय बिघडले ते तेथे स्पष्ट दिसते.

दुसरी अडचण ईपीएसच्या चौकटीची आहे. ईपीएस फायलीच्या सुरुवातीला ‘बाउंडिंगबॉक्स’ अशी ओळ असते आणि तिच्यात चित्राच्या चार कडा पॉइंटमध्ये दिलेल्या असतात. घोस्टस्क्रिप्टला ‘-डीईपीएसक्रॉप’ हा पर्याय दिला नाही तर ते ही ओळ बाजूला ठेवून पूर्ण पान धरते. बोधचिन्ह पानाच्या कोपऱ्यात पडून सभोवती पांढरी जागा उरते, किंवा पानाबाहेर गेलेला भाग गळतो. आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे त्यातूनच आलेली आहेत.

आणखी एक गोष्ट तपासावी. अनेक ईपीएस फायलींत मूळ वर्णनाबरोबर एक छोटे पूर्वदृश्य चित्रही साठवलेले असते, कारण जुन्या काळी पानजुळणी करताना पडद्यावर दाखवायला तेच वापरले जाई. काही प्रोग्राम आजही फक्त ते पूर्वदृश्य उचलतात. माप कितीही वाढवले तरी चित्र सुधारत नसेल, तर आपला प्रोग्राम मूळ वर्णनापर्यंत पोहोचतच नाही असे समजावे.

प्रतिसाद: शाई-कागद

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. छपाईच्या बाजूने भर घालतो. आपल्याकडे ‘तीनशेवर काढून द्या’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येते, पण ते सर्व कामांना लागू नाही. तीनशेचा आकडा ऑफसेटच्या जाळीवरून, म्हणजे छटा दाखवणाऱ्या शाईच्या ठिपक्यांच्या ओळींवरून, आलेला आहे. चांगल्या आर्ट पेपरवर इंचाला १५० ओळींची जाळी धरतात आणि छायाचित्राला तिच्या दुप्पट ठिपके पुरेसे मानतात, म्हणून ३००. वृत्तपत्री कागदावर जाळी ८५ ते १०० ओळींची असते, तेथे २०० ठिपके पुरतात. उलट केवळ काळ्या-पांढऱ्या रेखाचित्राला, म्हणजे ज्यात करड्या छटाच नाहीत अशा एक-बिट टिफला, ३०० फार अपुरे पडतात, कारण तिरकस कडेचा दातेरीपणा झाकायला करडी छटा उपलब्ध नसते. तेथे १२०० धरावेत. घोस्टस्क्रिप्टचे ‘टिफजी४’ हे उपकरण (म्हणजे चित्र कोणत्या स्वरूपात काढायचे ते ठरवणारा पर्याय) अशा कामासाठीच आहे आणि त्याच्या दाबणीमुळे १२०० ठिपक्यांची फाइलसुद्धा आटोपशीर राहते.

आता फ्लेक्सचा हिशेब पाहू. दहा फूट रुंद आणि सहा फूट उंच फ्लेक्स म्हणजे १२० गुणिले ७२ इंच. तो ३०० ठिपक्यांनी काढला तर ३६,००० गुणिले २१,६०० पिक्सेल होतात, म्हणजे ७७ कोटी ७६ लाख. चार शाईंसाठी प्रत्येकी एक बाइट धरला तर न दाबलेली फाइल सुमारे ३.१ जीबी भरते. तोच फ्लेक्स ७२ ठिपक्यांनी काढला तर ८६४० गुणिले ५१८४ पिक्सेल आणि सुमारे १७९ एमबी. रस्त्यावरून पंधरा-वीस फुटांवरून पाहणाऱ्याला या दोहोंतील फरक कळत नाही. पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक बारीक अक्षरांत असेल तर १०० पर्यंत जावे, त्यापुढे जाण्याचे कारण नाही. फ्लेक्सचे यंत्र पीडीएफ घेत असेल तर रूपांतर स्वतः करूच नये; यंत्राचा रिप (फायलीचे ठिपके करणारा यंत्राचा स्वतःचा प्रोग्राम) ते काम आपल्यापेक्षा चांगले करतो.

फ्लेक्ससाठी चार शाईंचा टिफ ‘टिफ३२एनसी’ या उपकरणाने मिळतो. पीएनजीमध्ये सीएमवायके, म्हणजे या चार शाईंचे रंग, साठवण्याची सोयच नाही, त्यामुळे छपाईसाठी पीएनजी मागितली गेली तर कारण विचारावे. ऑनलाइन पानासाठी आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी मात्र आरजीबीच (पडद्याचे लाल, हिरवा, निळा रंग) द्यावे. सीएमवायकेचा जेपीजी काही ठिकाणी उघडतच नाही आणि काही ठिकाणी रंग भलतेच दिसतात.

प्रतिसाद: अक्षरजुळणी

तिसऱ्या अडचणीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण सोलापुरात ती इतर शहरांपेक्षा अधिक छळते. येथे एकाच लेबलावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि कधी उर्दूही असते, आणि जुन्या फायलींतील यांपैकी बहुतेक मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या, फॉन्टमधला आहे. श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतीदेव यांसारख्या फॉन्टमध्ये देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फायलीत प्रत्यक्षात साठवलेले असतात ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक. त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. फायलीत फॉन्ट अंतर्भूत केलेला नसेल आणि आपल्या संगणकावरही नसेल, तर घोस्टस्क्रिप्ट पर्यायी रोमन फॉन्ट लावते आणि ‘सोलापुरी चादर’ या शब्दांच्या जागी निरर्थक अक्षरे उमटतात. त्या वेळी ते पर्यायी फॉन्ट घेतल्याची सूचना देते, पण पुष्कळ जण ‘-क्यू’ हा पर्याय देऊन सूचनाच बंद करून ठेवतात. जुना संग्रह हाताळताना हा पर्याय मुळीच देऊ नये.

पीडीएफच्या बाबतीत तपासणी सोपी आहे. पॉप्लर या मुक्त संचातील ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा फायलीतील प्रत्येक फॉन्टचे नाव दाखवते आणि तो अंतर्भूत आहे की नाही हे वेगळ्या रकान्यात सांगते. रूपांतराला बसण्यापूर्वी सर्व पीडीएफवरून ही आज्ञा फिरवावी आणि जेथे ‘नाही’ असे उत्तर येईल त्या फायली बाजूला काढाव्यात. पोस्टस्क्रिप्ट आणि ईपीएस फायली साध्या मजकूर संपादकात उघडल्या तर सुरुवातीच्या किंवा शेवटच्या टिपणांत लागणाऱ्या फॉन्टची नावे बहुधा सापडतात. तो फॉन्ट मिळवून संगणकावर बसवावा आणि घोस्टस्क्रिप्टला त्याच्या फोल्डरचा मार्ग ‘-एसफॉन्टपाथ’ ने द्यावा.

पुढील कामांसाठी माझा आग्रह असा आहे की ग्राहकाकडून मजकूर पक्का झाल्यावर फायलीची एक प्रत कर्व्ह करून (अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करून) ठेवावी आणि दुसरी मजकुरासह तशीच ठेवावी. केवळ कर्व्ह केलेली प्रत ठेवणाऱ्या छापखान्यांना पत्ता बदलला की सगळे लेबल नव्याने जुळवावे लागते. आणि तेलुगू किंवा कन्नड मजकूर असेल तर रूपांतरित चित्र ती भाषा वाचणाऱ्या माणसाला दाखवल्याखेरीज पाठवू नये. जोडाक्षरातील खालचा भाग निसटला तर केवळ मराठी वाचणाऱ्या ऑपरेटरच्या ते लक्षात येत नाही, आणि नाव मात्र ग्राहकाच्या घराण्याचे असते.

प्रतिसाद: नवीपेठ मुद्रक

सर्वांचे मनापासून आभार. चौकटीचा आणि मापाचा पर्याय देताच लेबले व्यवस्थित निघू लागली. फॉन्टची तपासणीही सुरू केली आहे. बारीक रेषांचा प्रश्न आणि जॅकार्डसाठीच्या बीएमपीचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. विणकामासाठी आम्ही ३०० ठिपक्यांचे चित्र दिले, तेव्हा डिझाइन करणाऱ्यांनी ते निरुपयोगी असल्याचे कळवले. धोटा अण्णा या मंचावर जॅकार्डबद्दल नेहमी लिहितात. त्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद: धोटा

मुद्रक मालक, डिझाइन करणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. कागदावर ठिपका शाईचा असतो आणि तो कितीही बारीक करता येतो. कापडावर एक पिक्सेल म्हणजे ताण्याचा एक (उभा) धागा आणि बाण्याचा एक (आडवा) धागा जेथे एकमेकांना ओलांडतात ती जागा. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड (नक्षीसाठी ताण्याचे धागे निवडून उचलणारे मागावरील यंत्र) बीएमपीतील प्रत्येक आडवी ओळ एक पिक, म्हणजे बाण्याचा एक धागा, म्हणून वाचते आणि त्या ओळीतील प्रत्येक पिक्सेलवरून ताणा उचलणारा कोणता हुक उचलायचा हे ठरते. त्यामुळे चित्राची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये किती असावी हे आपल्या हातात नसते; रीड (ताण्याची घनता ठरवणारी फणी) आणि पिक यांनी ते आधीच ठरलेले असते.

गणितासाठी असे धरू की तयार कापडात इंचाला ताण्याचे ४८ धागे आहेत आणि बाण्याचे ३६. दहा इंच लांबी-रुंदीचे बोधचिन्ह त्यात बसवायचे असेल तर चित्र ४८० गुणिले ३६० पिक्सेलचे असले पाहिजे. म्हणजे चौरस नक्षीचे चित्र पडद्यावर आडवे पसरलेले दिसेल आणि पाच इंची वर्तुळ २४० गुणिले १८० पिक्सेलचे लंबवर्तुळ दिसेल. ते चुकलेले नाही. कापडावर ते गोलच उतरते, आणि पडद्यावर गोल दिसणारे चित्र कापडावर उभट होते. पूर्वी ग्राफ कागदावर चौकटी भरून नक्षी काढत, तेव्हाही ताणा आणि बाणा यांच्या प्रमाणानुसारच चौकटींचा कागद निवडत.

घोस्टस्क्रिप्टची एक फार उपयोगाची सोय अशी की मापाच्या पर्यायात आडवे आणि उभे आकडे वेगळे देता येतात: ४८, मग इंग्रजी एक्स, मग ३६. त्याने थेट योग्य प्रमाणातील चित्र निघते. आधी ३०० वर काढून मग आकार बदलत बसल्यास कडा पुसट होतात, म्हणून ते टाळावे. गिंप या चित्रसंपादन प्रोग्राममध्ये हे चित्र तपासताना दृश्याच्या यादीतील ‘डॉट फॉर डॉट’ बंद केले की कापडावर जसे दिसेल त्या प्रमाणात ते पडद्यावर दिसते.

येथे एक सावधगिरी हवी. मागावर ताणलेल्या कापडातील घनता आणि धुऊन आटलेल्या कापडातील घनता एक नसते. आकडे तयार चादरीवर धागे मोजण्याचे भिंग ठेवून मोजावेत, मागावरचे घेऊ नयेत. नाहीतर वर्तुळ पुन्हा बिघडते.

दुसरी अट रंगांची. विणकामाच्या बीएमपीत प्रत्येक रंग म्हणजे एक विणीचा प्रकार असतो. बोधचिन्हात तीन रंग असतील तर चित्रात नेमके तीनच रंग पाहिजेत. कडा मऊ दिसाव्यात म्हणून प्रोग्राम मधल्या छटा भरतो, त्या छपाईत शोभतात. येथे प्रत्येक छटा नवा रंग मोजली जाते आणि कोणतीही वीण न दिलेले असे कित्येक रंग तयार होतात. म्हणून अक्षरांची आणि आकृत्यांची कडा मऊ करणारे दोन्ही पर्याय, ‘टेक्स्टअल्फाबिट्स’ आणि ‘ग्राफिक्सअल्फाबिट्स’, १ वर ठेवावेत. मग पीएनजी काढून गिंपमध्ये इंडेक्स्ड (ठरावीक रंगांच्या यादीची) रंगपद्धती घ्यावी, रंगांची संख्या स्वतः द्यावी, ठिपके मिसळण्याचा डिदरिंग हा पर्याय बंद ठेवावा आणि मग बीएमपी करावी. या वाटेत जेपीजी कोठेही येऊ देऊ नये. जेपीजी चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे तुकडे करून दाबते आणि प्रत्येक कडेभोवती फिकट डाग सोडते. ते डाग जॅकार्डला रंगच वाटतात.

इतके करूनही यंत्राने काढलेले चित्र थेट मागावर चढवू नये. पोस्टस्क्रिप्टचा नियम असा की आकृतीचा स्पर्श ज्या पिक्सेलला होतो तो पूर्ण रंगवायचा. तीनशे ठिपक्यांत याने काही बिघडत नाही, पण इंचाला ३६ पिक असताना एका पिक्सेलची वाढ म्हणजे जवळजवळ पाऊण मिलिमीटर. पाकळ्यांमधील फटी बुजतात आणि अक्षरांची पोटे भरतात. शेवटचा हात डिझाइन करणाऱ्या माणसाचाच लागतो. तो चौकटी पाहून ठरवतो की कोणती फट राखायची आणि कोणती रेषा एका धाग्याची करायची. आपल्या शहरात हे काम ग्राफवर शिकलेली माणसे अजून आहेत. त्यांना चित्राबरोबर मूळ पीडीएफही पाहायला द्यावी.

प्रतिसाद: टिंबटिंब

धोटा यांच्या प्रतिसादातील शेवटच्या मुद्द्यातच बारीक रेषांचे उत्तर आहे. पोस्टस्क्रिप्टमध्ये रेषेची जाडी शून्य लिहिता येते, आणि शून्याचा अर्थ ‘या उपकरणाला काढता येईल तितकी बारीक’ असा आहे. इंचाला ७२ ठिपक्यांच्या पडद्यावर अशी रेषा इंचाच्या बहात्तराव्या भागाइतकी जाड दिसते, तर २४०० ठिपक्यांच्या प्लेटवर ती इंचाच्या चोविसशेव्या भागाइतकी होते आणि शाई ती धरू शकत नाही. कोरलड्रॉमध्ये ‘हेअरलाइन’ निवडून काढलेल्या चौकटींचेही असेच होते. चित्राचे माप बदलून हा दोष जात नाही. मूळ फायलीत अशा रेषांना किमान पाव पॉइंटची जाडी द्यावी, आणि रेषा रंगीत पट्ट्यावर पांढरी सोडलेली असेल तर अर्धा पॉइंट.

ऑनलाइन पानासाठी चित्र काढताना आणखी एक दोष दिसतो. शेजारी-शेजारी चिकटलेल्या दोन आकृत्यांमध्ये केसासारखी पांढरी रेघ उमटते. कडा मऊ करताना दोन्ही आकृत्यांची कड स्वतंत्रपणे पार्श्वभूमीत मिसळते, म्हणून ती दिसते. अशा वेळी मऊपणाचे पर्याय १ वर ठेवून चित्र चौपट मापाने, म्हणजे १२०० वर, काढावे आणि ‘डाउनस्केलफॅक्टर’ ४ देऊन ३०० वर आणावे. ‘पीएनजी१६एम’ या उपकरणाला ही सोय आहे आणि कडाही पुरेशा मऊ येतात.

परक्या ठिकाणाहून आलेली ईपीएस उघडण्याबद्दलही सांगून ठेवतो. पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण प्रोग्रामिंग भाषा आहे, त्यामुळे दुष्ट हेतूने लिहिलेली फाइल संगणकावरील इतर फायलींपर्यंत पोहोचू शकते. २०१८ मध्ये घोस्टस्क्रिप्टमधील अशा त्रुटी उघड झाल्यावर लिनक्सच्या काही वितरणांनी इमेजमॅजिकमधून पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ वाचणेच बंद केले; परवानगी नाकारल्याचा संदेश आला तर कारण बहुधा हेच असते. घोस्टस्क्रिप्टच्या ९.५० या आवृत्तीपासून सुरक्षित पद्धत आपोआप चालू असते. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर बंधने सैल करण्यापेक्षा ती बदलावी.

प्रतिसाद: नवीपेठ मुद्रक

ही माहिती आम्ही छापून ऑपरेटरच्या टेबलावर लावली आहे. एक शेवटची शंका. टॉवेलच्या एका लेबलात निळ्या पट्ट्यावर पांढरे नाव आहे. पीएनजी काढली तर नाव दिसते, पण प्लेट तपासण्यासाठी ‘टिफसेप’ ने चार शाईंची वेगवेगळी चित्रे काढली तर निळ्या पट्ट्यातून नाव गायब असते. कोणते चित्र खरे मानावे?

प्रतिसाद: शाई-कागद

टिफसेपचे. त्या पांढऱ्या नावाला कोणीतरी ओव्हरप्रिंट लावलेले आहे. बहुधा ते नाव आधी काळे होते, काळ्या अक्षरांना ओव्हरप्रिंट लावण्याची रीत योग्यच आहे, आणि नंतर रंग पांढरा करताना ती खूण तशीच राहिली. ओव्हरप्रिंट म्हणजे खालची शाई न कापता वर छापणे. पांढरी शाई तर नसतेच, म्हणून पट्टा अखंड निळा छापला जाईल. आरजीबीतील पीएनजी काढताना घोस्टस्क्रिप्ट ही खूण सहसा विचारात घेत नाही, म्हणून तेथे नाव दिसते. कोरलड्रॉमध्ये मूळ फाइल उघडून त्या नावावर उजवी कळ दाबावी, ‘ओव्हरप्रिंट फिल’ वरील खूण काढावी, पुन्हा पीडीएफ करावी आणि टिफसेपने निळी व किरमिजी प्लेट पुन्हा पाहावी. दोन्हींत नावाची जागा रिकामी दिसली की प्लेट काढायला हरकत नाही.